साडूचं लाल कॅलिपर

...न्हाई, तुमीच सांगा, ब्रेक काय दाखवायची वस्तू हाय का? पैठणी हाय? गळ्यातली चेन हाय? ब्रेक मंजी चाकाच्या आत, चिखलात, धुरळ्यात गपगुमान काम करणारी चीज. आन् आमचं साडू, विश्वजितराव, सांगलीचं, विश्रामबागचं बरं का, त्येंनी काय करावं? गाडीचं कॅलिपर लाल केलं! कॅलिपर मंजी ब्रेकचा चिमटा वो, पाय दाबला की चाकातली थाळी दोनी अंगांनी धरतो त्यो. चाकाच्या जाळीतनं नुसतं लालभडक दिसतंय. आन् आमची शिवांजली, सख्खी बायको, माज्या तोंडावर म्हन्ती, "बया, विश्वजितरावांची गाडी कशी नटल्यावानी दिसतीय." जळलो. खोटं कशाला बोलू, लय जळलो.

त्यात जयराजचं लगीन आलं. जयराज मंजी बायकोचा एकुलता भाऊ. आमच्यात नवरदेवाला मांडवात न्यायचा मान थोरल्या जावयाचा, त्याची टॉवेल-टोपी थोरल्या जावयाला, आन् थोरला जावई कोण? मी, खंडाळ्याचा! पर आमचं सासरं, भाऊसो मामा, साडूच्या गाडीभवती फिरत्यात, वाकून वाकून लाल बघत्यात. आन् माजी गाडी? ब्रेक दाबला की डावीकडं पळायची, उसात. चाक तापून असा वास सुटायचा की मागचा माणूस इचारायचा, "पाव्हणं, काय करपलं?"

गेलो इलाही मिस्त्रीकडं. त्येनं चाक खोललं आन् मयताला आल्यावानी मान हलवली. "पिस्टन अडकलाय, पॅड झिजून पत्रा ऱ्हायलाय. म्होरली दोनी कॅलिपर बदला." म्या म्हनलं, "बदल. पर लाल मिळत्याल का?" म्हनला, "आवं, तुमास्नी थांबायचं हाय का मिरवायचं हाय?" आता दोनी म्हनायची लाज वाटली, "थांबायचं," म्हनलं. बसवली नवी, तेल बदललं, आन् गाडी अशी थांबाय लागली गड्यानू, मांडीवरचं ताक सांडायचं न्हाई.

पर दिसतंय कुटं? माज्या चाकाला सादी रिंग, वर चंदेरी टोपण. टोपणं काढली. तरी बोटाएवढी भोकं. मग काय करता? सासरवाडीला गेलो की एकेकाला चाकाम्होरं उकिडवं बसवायचो, मोबाइलची बॅटरी मारायचो, "बघा मामा, दिसलं?" मामा म्हनायचं, "उंदीर शिरलाय व्हय आत?" सासूबाईंना बसवलं, त्यास्नी उठवाय माणसं बोलवावी लागली. ब्रेक काय दाखवायची वस्तू हाय का? न्हाई! पर दाखवल्याबिगर ऱ्हावंना त्येला काय करू? पिस्टन काय, पॅड काय, सगळ्या भावकीचं पाठ करून घेतलं.

लग्नादिशी मामा म्हनलं, "अर्जुनराव, तुमचं ब्रेक चांगलं न्हवं? मग म्हातारी माणसं तुमी घ्या. जयराज विश्वजितरावांच्या गाडीत बसंल." बोला! नवरदेव लाल ब्रेकात, आन् माज्यात मामा, सासूबाई आन् एक आत्या, वळण आलं की देवाचं नाव घेणारी. लय शिकवलं की असं हुतंय.

सासरवाडीचं गाव वर डोंगरात, लग्नाचं कार्यालय खाली पाटणला. घाट उतरताना म्होरं साडू, मागं मी. मदीच म्होरनं धूर! उतरून बघतो तर साडूचं लाल कॅलिपर वितळून चाकाला चिकटल्यालं. आवं, प्लॅस्टिकचं टोपण हुतं त्ये, बाजारातनं आणून वरनं बसवल्यालं! आतला चिमटा माज्या जुन्यावानीच गंजका. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी, आन् माज्या पोटात उसाचा रस पडल्यावानी गार गार. माज्या गाडीत एक जागा मोकळी. म्या मोठ्या मनानं दार उघडलं, "या जयराजराव, बसा."

जयराज बसला. आन् मामा म्हनलं, "अर्जुनराव, किल्ली विश्वजितरावांकडं द्या."

"का वो मामा?"

"ही गाडी अशीच घाटात सोडून कसं जायचं? ब्रेकमधलं कळणारं माणूस थांबाय पायजे. तुमच्याबिगर हाय कोण?"

गेली. माजी गाडी, माजी कॅलिपर, नवरदेव घेऊन साडू गेला! टॉवेल-टोपी बी त्येलाच. बायको आदीच कार्यालयात पोचल्याली, तिचा फोन, "आवं, विश्वजितरावांनी मांडवापशी गाडी काय अलगद थांबवली, जयराजच्या मुंडावळ्या बी हलल्या न्हाईत. शिका जरा."

शिकतो म्हनलं. बसलो घाटात दगडावर, साडूची गाडी राखत. तीन चाकं अजून लालच हुती. एक मोटरसायकलवाला जाता जाता थांबला, वाकून बघाय लागला. "पाव्हणं, ब्रेक लय भारी दिसत्यात. तुमचीच का गाडी?"

आता ब्रेक काय दाखवायची वस्तू हाय का, तुमीच सांगा...

म्या म्हनलं, "व्हय, माजीच. या की, जवळनं बघा."