केतनचं वय शून्य

…आणि वर हा केतन मलाच सांगतो, “मामा, वॉर्निंग होती, एरर नव्हता!” अरे, मग वॉर्निंग काय फोडणीला घालतात? तुम्हाला सांगतो, पोरगा हुशार, न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. पण आमच्या ज्ञातीमंडळाच्या वधूवर वेबसाइटचं फुकटचं काम अंगावर घेतलं ते काय समाजसेवा म्हणून? छे! आमच्याच आळीतल्या विनितासाठी! दोघांचं केव्हाचं जुळलेलं, पण तिचा बाप दयाराम म्हणजे… “मंडलात नाव हाय तर स्थल हाय. न्हाय तर न्हाय.” केतन म्हणाला, ठीक, मंडळातूनच येतो, राजरोस.

आता तिथं वयाचा रकाना अक्षरांचा. लोकांनी काय वाट्टेल ते लिहिलेलं… कुणी ‘27 पूर्ण’, कुणी ‘सत्तावीस’, एका आईनं तर ‘लग्नाचं झालंय’! पंचवीस ते तीस शोधावं तर भलतंच पुढ्यात यायचं. म्हणून यानं तो अक्षरांचा रकाना आकड्यांचा केला. एक ओळ टाइप केली, एंटर मारलं. मशीननं भाराभर वॉर्निंग दिल्या. वाचतो कोण? एरर नव्हता ना!

ज्याचा आकडा होत नाही त्याचं मशीन काय करतं? शून्य! ‘सत्तावीस’… शून्य. ‘लग्नाचं झालंय’… शून्य. आणि आमच्या शहाण्यानं भाषेच्या अभिमानापायी स्वतःचं वय लिहिलेलं मराठी आकड्यात, २७! त्या डबड्याला मराठी आकडा कुठला कळायला? ती पण त्याला अक्षरंच. म्हावरं-भात खाऊन वाढलेला दांडगा गडी, एका एंटरात पाळण्यात!

रविवारी दयारामनं वेबसाइट उघडली, पंचवीस ते तीस वयाची पोरं शोधली. शेजारी विनिता, जीव मुठीत धरून… आता येईल केतनचं नाव, आता येईल… आला उरणचा रितेश, ट्रेलरवाला, वय इंग्रजी आकड्यात! पोरीला वाटलं, केतननं नावच टाकलं नाही. ती गप्प राहिली, बापाला वाटलं पसंत. केतन कामावरून परत येईपर्यंत सुपारी फुटलेली.

मग तिनं त्याला गाठलं. “नको व्हतं तर तोंडावर सांगायचं. मी बाबांच्या बाजूला बसून तुजंच नाव शोधत व्हते.” आता हा काय सांगणार? रकान्याचा प्रकार बदलला? विनिता आधी कितीदा म्हणालेली, घरचे बघायला लागलेत, लवकर ये. तीही वॉर्निंगच होती हो… एरर नव्हता. माझ्या ओटीवर बसून ढसाढसा रडला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही आवरलं नाही.

परवा तिची हळद. डीजे नुसता दणाणतोय, आणि हा पंगतीत भात वाढतोय. दयाराम आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, “केतन, तुज्या वेबसाइटनं एका झटक्यात स्थल दिलं बग. आता तुजं पन नाव टाक त्यात.”

केतननं भाताचं भांडं खाली ठेवलं.

“टाकतो, काका. वय इंग्रजीत टाकतो.”