सोहमला मारायची हाक

गोरेगावच्या फाट्यावर हिंगोलीच्या जीपची वाट बघत मंजुळाबाई आणि त्यांच्या शेजारची निता माझ्या बाजूलाच बसल्या होत्या.

"काकू, पोचली का वो तुमची शिवकन्या अमेरिकेला?"

"कवाच पोचली. पर सोहम तिला झोपूच देऊन न्हाई राहिला. रातभर टक्क जागा, अन् दिवसा झोपतो."

"दीड वर्साचं लेकरू. इमानात लई तकलीफ झाली असंल."

"इमानात गप ऱ्हायलं म्हने. आता तिथं राती दारापाशी बसून आपल्या शेळीला बलावते."

"तिथं रात तवा इथं दिवस असते ना. पर काकू, निघताना येशीवर हाक नव्हती का मारली? 'चल रे बाबा, घरी चल' म्हनावं लागते. न्हाई तर लेकराचा जीव मागंच ऱ्हातो."

"गडबडीत राहून गेलं. शिवकन्या म्हनली, आई, आता फोनवर मार."

"मग मारा की! आज हिंगोलीला दिपकभाऊच्या घरी फोन येनार हाय ना?"

"त्याच्यासाठीच तर निघाले."

"बराबर झोपंल बघा पोरगं."

"व्हय. निता, सकाळी शेळी सोडली का मला अंगनात त्याचं हसू ऐकू येते."

"भास असंल, काकू. कवातरी व्हतो तसा."

"रोज येते."

"काकू, जीप आली. चला, जागा बी हाय."

"तू जा. मी मागून येते."

"काहून? फोन हुकंल ना!"

"आजच्या दिवस हुकू दे."