नबराचं वाडगं

अस्वानच्या धरणामागच्या सरोवरात आमची बोट जुनी देवळं दाखवत सावकाश चालली होती. माझ्या पुढच्या बाकावर सत्तरी ओलांडलेली दोघं भावंडं बसली होती, नबरा आणि फिक्री.

"फिक्री, आपलं गाव आलं का रे?"

"आत्ता त्याच्यावरच आहोत, ताई. खाली पाण्यात आहे."

"किती रेंगाळतेय ही बोट!"

"पाहुण्यांना सगळं निवांत बघायचं असतं."

"आपल्याला निघताना चूलसुद्धा विझवू दिली नव्हती."

"झालं तुझं सुरू! ते बघ काठावर, गावाशेजारचं फेरोचं देऊळ. पाणी चढायच्या आधी कापून दगडन् दगड वर नेला."

"मग आईची कबर का नाही नेली?"

"देऊळ बघायला जगभरातून लोक येतात."

"आईकडे आपण जायचोच की, दर शुक्रवारी."

"हळू बोल, लोक ऐकतायत. आणि हे वाडगं कशाला काढलंस?"

"आज शुक्रवार ना? कबरीवर पाणी ठेवायला नको? तहानेली असेल ती."

"अगं, तिच्या डोक्यावर अख्खं सरोवर आहे!"

"ते सरकारनं ओतलंय रे. त्यात लेकीनं दिलेलं कुठंय?"