हात ठेवून बसायचं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या परिचर्या महाविद्यालयाच्या प्राचार्या मॅडम, व्यासपीठावरचे परीक्षक सर, सर्व शिक्षिका, वॉर्डातल्या सिस्टर, माझ्या विद्यार्थी मुला-मुलींनो, आणि त्यांना न्यायला आलेले त्यांचे आईवडील,

मॅडम, ती दुपार आठवते का हो तुम्हाला? तुम्ही तेव्हा मॅडम नव्हतात, वॉर्डातल्या सगळ्यांत धाकट्या सिस्टर होतात. माझं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं, त्यावर पिशवी. मी मान भिंतीकडे करून पडले होते. बघायचंच नाही, असं ठरवून. तुम्ही पिशवीची चकती चिकटवलीत आणि तिच्यावर तळहात ठेवून तशाच बसून राहिलात. मी म्हटलं, "झालं ना? मग बसलात कशाला?"

तुम्ही म्हणालात, "बाई, गोंदाला ऊब लागते. घाई केली की सुटतं."

मग आपण बसलो. तुमच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता. तुमच्या धाकट्या भावाने घरातला रेडिओ उघडून परत बसवला, रेडिओ लागला, पण मूठभर स्क्रू उरले, ही गोष्ट तुम्ही मला सांगत होतात. मी हसायला लागले, तर तुम्ही घाबरून म्हणालात, "हसू नका, सुटेल!" ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

त्या दिवसापासून माझा डावा हात पोटावर असतो. लोकांना वाटतं, बाईंना वळण आहे. वळण कसलं! माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, आणि आमच्या मदरना मुलींनी हात कुठेही टेकवलेला खपत नसे. ही सवय तुमची आहे, मॅडम.

पुढे तुम्ही शिकवायला लागलात आणि एकदा माझ्या घरी आलात. म्हणालात, "बाई, मुली रबराच्या पोटावर शिकतात. रबराला लाज वाटत नाही. तुम्ही याल का?" मी आले, ती येतच राहिले. परीक्षेला खरा रुग्ण हवा, म्हणून मी. किती मुलींनी माझ्या पोटासाठी पहिल्यांदा चकतीचं भोक कापलं, मोठं कापलं, चकती वाकडी चिकटवली! एका मुलाने रडवेल्या चेहऱ्याने विचारलं होतं, "मावशी, दुखतं का?" मी म्हटलं, "तिथे दुखत नाही रे, तुझ्या चेहऱ्याकडे बघून दुखतं." तो आज मागच्या रांगेत बसलाय. हसू नकोस, तूच तो.

मला दमाही आहे, लहानपणापासूनचा. मॅडमनी तोही वाया जाऊ दिला नाही. परीक्षेत मी दम्याचा झटका आल्याचं नाटक करायचं आणि विद्यार्थ्याने उपचार द्यायचे. शाळेच्या नाटकात मरणारी राणी नेहमी मीच असायचे, कारण धाप फुकटची होती. टेबलावर निळा पंप ठेवलेला असतो. तो नमुन्याचा. हुबेहूब खऱ्यासारखा, आवाजही तसाच येतो, फुस्स. पण आत औषध नाही, नुसती हवा. शिकायला तेवढी पुरते.

आता एका गोष्टीबद्दल बोलते. मॅडम, तुम्ही मला फक्त आभार मानायला उभं केलंत, हे मला माहीत आहे. पण सभागृहाच्या दाराशी एक बॅग ठेवलेली आहे. तिच्याजवळ एक मुलगी बसली आहे आणि तिचे वडील सारखे मोबाईलवर वेळ बघताहेत. मैत्रिणी तिला इस्त्री म्हणतात, तिचा गणवेश पाहिला तर कारण विचारावं लागत नाही. इस्त्रीने कॉलेज सोडायचं ठरवलं आहे. समारंभ झाला की ती जाणार. का, ते तुम्हा सगळ्यांना थोडं थोडं माहीत आहे. मला पूर्ण माहीत आहे, कारण परीक्षेत रुग्णाच्या खुर्चीवर मी होते.

या वेळच्या परीक्षेसाठी खोली फिनेलने धुतलेली, कपाटाला नवा रंग. आत शिरतानाच माझा घसा खवखवला. म्हटलं, असेल. माझा खरा पंप पर्समध्ये, आणि पर्स नियमाप्रमाणे बाहेरच्या बाकावर.

इस्त्रीचं पहिलं काम पिशवी बदलण्याचं. काय सांगू, इतकं सुंदर काम! चकती बसवली, वर हात ठेवून बसली. मग घंटा झाली तशी म्हणाली, "मावशी, आता तुम्ही धरा हं, मला पुढचं करायचंय." मी हात ठेवला.

पुढचं म्हणजे झटका. मी धाप लागल्याचं नाटक सुरू केलं. सुरू मी केलं, पण थांबवणं माझ्याकडे राहिलं नाही. छातीत कुणीतरी दोरी आवळत नेली.

परीक्षक सर शेजारच्या शिक्षिकेला हळूच म्हणाले, "बाई कलाकार आहेत." सर, मला ऐकू आलं होतं. एरवी मी ते घरी जाऊन चौघांना सांगितलं असतं.

इस्त्री म्हणाली, "मावशी, ताठ बसा. खांदे सैल. छान. आता सावकाश श्वास घ्या." पंप हलवला, औषध ओढायच्या नळकांड्याला लावला, माझ्या तोंडाशी धरला. फुस्स. हवा. "छान!"

मला 'खरं' एवढाच शब्द म्हणायचा होता. दमेकऱ्याला विचारा, झटक्यात एक शब्द किती महाग असतो. मी दाराकडे बोट केलं, पर्ससाठी. पण तेही माझं पूर्वी नाटकात करून झालं होतं. कुणी वळून पाहिलं नाही. पुन्हा फुस्स. पुन्हा हवा. खिडकीच्या कडा मला काळ्या दिसू लागल्या.

आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. माझा चेहरा वर्षानुवर्षं खोटं बोलत आला होता, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? तिने हात पाहिले. माझे दोन्ही हात टेबलाची कड धरून होते. पोट उघडं. तिनेच बसवलेली नवी चकती एका बाजूने सुटत होती.

ती म्हणाली, "मावशी पिशवी सोडत नाहीत."

सर म्हणाले, "पुढची पायरी घ्या, वेळ जातोय."

"सर, मावशी पिशवी कधीच सोडत नाहीत!" आणि तो नमुन्याचा पंप तिने असा भिरकावला की कपाटाच्या नव्या रंगावर त्याची खूण आहे. ती धावली. माझी पर्स आणून जमिनीवर उलटी केली. चष्मा, किल्ल्या, रुमाल, सगळं घरंगळलं. खरा पंप माझ्या तोंडाशी लावत तिने वॉर्डातल्या सिस्टरना अशी हाक मारली की तशी हाक परीक्षेत मारायची असते, असं कुठल्याही पुस्तकात नसेल. सिस्टर ऑक्सिजन घेऊन पळत आल्या. तोवर इस्त्रीचा एक हात पंपावर होता. आणि दुसरा? दुसरा माझ्या पोटावर. सुटणारी चकती धरून.

मी वॉर्डात असताना ती भेटायला आली. म्हणाली, "मावशी, तुम्ही गुदमरत होतात आणि मी 'छान' म्हणत होते."

मी म्हटलं, "मग काय 'वाईट' म्हणायचं होतं?"

ती हसली नाही. "मी पायऱ्या म्हणत होते मनात. पुढच्या वेळी कुणाचा हात नाही सुटला तर? मला कळलंच नाही तर?"

बाळ, आज सगळ्यांसमोर सांगते, उशीर झाला. तो झाला नाही, असं मी म्हणणार नाही. तू मूर्ख नाहीस, तुला खोटा दिलासा पचायचा नाही. पण उशीर झाला हे तुझं तुला कळलं, आणि परीक्षक समोर बसलेले असताना तू परीक्षा टाकून दिलीस. मला उद्या पुन्हा झटका यायचाच असेल, तर कधीच न चुकणारं माणूस मला शेजारी नको. 'मला कळलंच नाही तर?' असं विचारणारं हवं.

तिच्या बाबांना विनवून सांगते. मुलगी रडली की तिला घरी न्यावंसं वाटतं. मीही मुलीची आई आहे. पण घरी नेऊन तिचे हात तुम्ही कुठे ठेवणार?

आता आभार. परीक्षक सर, तुम्ही वॉर्डात माझ्या पलंगाशी येऊन बसलात. ते मला पोहोचलं. सगळ्या शिक्षिकांचे आभार. डॉक्टरांनी मला आता झटक्याचं नाटक करायला बंदी केली आहे, म्हणजे मी तुमच्याकडून निवृत्त झाले. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते माझ्या धापेच्या नावावर घाला आणि सोडून द्या.

जाण्याआधी थोडी वाटणी करते. हा फुलांचा गुच्छ वॉर्डातल्या सिस्टरना द्या, धावल्या त्या. मला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ परीक्षेच्या खोलीत लावा, पण अशा जागी की ते रुग्णाला दिसेल आणि विद्यार्थ्याला दिसणार नाही. खुर्चीवरची माझी उशी पुढच्या रुग्णाला. ते निवृत्त बसचालक आहेत, अजून लाजतात, त्यांना आधी एखादी गोष्ट सांगा. रेडिओची चालेल. नमुन्याचा पंप मॅडमना. त्याला लाल पट्टी गुंडाळा, आणि खरा पंप शेजारी ठेवल्याशिवाय तो बाहेर काढू नका.

एक वस्तू उरली. मघापासून मी एकाच हाताने माईक धरून बोलते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. चकती पुन्हा सुटायला लागली आहे. नवी पिशवी माझ्या पर्समध्ये आहे. ती इस्त्रीला द्या, दुसऱ्या कुणाला नको. बाबा, तुमची गाडी बहुतेक चुकेल, कारण चकती बसवल्यावर तिला बराच वेळ हात ठेवून बसावं लागणार आहे.

ऊठ बाळ. बॅग तिथेच राहू दे. हात धुऊन ये.