दाराजवळची सीट

(पत्र्याची शेड. बाहेर धावपट्टीवर छोटं विमान. शेडमध्ये सामान चढवणारा हमाल, राजधानीहून आलेला कंपनीचा साहेब आणि विमान चालवणाऱ्या कप्तानबाई.)

हमाल : बसा साहेब त्या खोक्यावर, एक गोष्ट सांगतो. विमान कुठं जात नाही, सामान मीच भरणार आहे.

साहेब : गोष्ट पुढच्या वेळी. माझी बॅग चढवा.

हमाल : पुढची वेळ कुठली? आत्ताच सांगून मोकळे झालात ना, पुढच्या महिन्यापासून इथलं विमान बंद म्हणून.

साहेब : अजून पक्कं नाही. पण दर फेरीला इथून एक सीट रिकामी येते. एवढ्याशा विमानात ते परवडत नाही.

हमाल : ती रिकामी नसते.

साहेब : मग कोण बसतं तिथं, भूत?

हमाल : हां, आता आलात गोष्टीवर. विमान नवीन सुरू झालं तेव्हा शाळेच्या बाई इथं, ह्या पत्र्याखाली गेल्या. बाळंतपणात. समोर विमान उभं, आतली माणसं कुणी लग्नाला निघालेली, कुणी खरेदीला. जागा द्यायला एकही उठला नाही. तेव्हापासून गावानं ठरवलं, दाराजवळची सीट कुणी मागायची नाही. आजारी माणूस आला तर त्याची. नाहीतर तशीच जाऊ दे. सख्ख्या भावाला मी इथून माघारी धाडलंय.

साहेब : हे कंपनीला कुणी कळवलं?

हमाल : कळवायचं काय त्यात? आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्हीही ती आमच्यासाठी मोकळी ठेवता.

कप्तानबाई : मलाही तसंच वाटलं, साहेब.

साहेब : कमाल आहे. आम्ही समजतोय, इथं माणसंच मिळत नाहीत.

हमाल : आणि आम्ही इकडं तुम्हाला दुवा देतोय, कंपनी मोठ्या मनाची म्हणून. डोकं आपटावं वाटतंय मला.

साहेब : बरं, मी वर सांगतो. चला आता.

हमाल : कुठल्या सीटवर चाललात?

साहेब : एकच उरली होती. तिकीट आहे माझं.

हमाल : दाराजवळची. आता तिकडं बघा, सामानाच्या गाडीवर कोण निजलंय. वहिनी माझी. आई गेल्यावर तिनंच मला घास भरवलाय. सकाळपासून पोट दगडासारखं झालंय तिचं. रस्त्यानं नेली तर घाटातच संपेल.

साहेब : पुढचं विमान?

कप्तानबाई : परवा. तोवर नाही टिकायच्या त्या.

साहेब : अहो, पण उद्याच बैठक आहे, ह्याच विमानाची. मी नसलो तर तुमची बाजू कोण मांडणार?

हमाल : चुलीत घाला ती बैठक. माणूस मरतंय इथं आणि तुम्ही बाजू मांडायला निघालात. तिला टाकून वाचवलेलं विमान आम्ही काय धुवून प्यायचं?

कप्तानबाई : बैठकीत मी सांगेन, साहेब. मला तिथं बसू दिलं तर.

हमाल : आणि वहिनी उठली तर तीच येईल सांगायला. तिची जीभ ऐकली नाहीत तुम्ही अजून.

साहेब : बॅग काढा माझी.

हमाल : चढवलीच नव्हती.

साहेब : काय माणूस आहात.

हमाल : ते परवापर्यंत बोलू, जेवायला घरीच या. आता कंबर गेलीय माझी. वहिनीला तेवढं पायाकडून धरता का?