गंजलेल्या चार स्प्रिंगांबाबत पुरवणी जबाब

नाव : सकाळच्या तक्रारीत आहे तेच. गल्लीत सगळे मिस्त्रीणबाई म्हणतात. वय : ४७ वर्षे. धंदा : जुन्या मोटारी दुरुस्त करून परत रस्त्यावर आणणे. राहणार : वर्कशॉपच्या वरचा मजला, जिना बाहेरून, पायऱ्या एकोणीस.

मी आज दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, कोणी न बोलावता, ठाण्यात हजर होऊन सांगते की, सकाळी सव्वानऊ वाजता मी दिलेली चोरीची तक्रार चुकीची आहे. ती मला मागे घ्यायची आहे. लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "बाई, मागे घ्यायला कारण लागतं." कारण सांगते.

गाडी माझ्या वडिलांची आहे. त्यांचे वय एक्याऐंशी. मोटारींच्या कारखान्यात, स्प्रिंगखात्यात त्यांनी चौतीस वर्षे काढली. लाल तापलेली सळई गोल वळवायची आणि तेलात बुडवून तिला ताकद आणायची, हे त्यांचे काम. ही गाडी त्याच कारखान्यातली. एकोणीस वर्षे ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून अकरा महिने वडील जिना उतरलेले नाहीत. डॉक्टरांनी पाय तपासले, पायांत दोष नाही म्हणाले. मग दोष कशात आहे ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी ती गाडी उघडली. गिऱ्हाइकांच्या कामांतून वेळ काढून एकेक भाग करत आणला. गाडी चालू झाली की वडील खाली येतील, पुढच्या सीटवर बसतील, असा माझा बेत होता. हवालदारांनी विचारले, याचा प्रकरणाशी संबंध आहे का. आहे. लिहा.

गाडीखालून मूळच्या चार स्प्रिंगा निघाल्या. हात लावला की गंजाचे पोपडे गळत होते. मी त्या शेडच्या भिंतीशी टाकल्या. काल दुपारी जेवताना वडिलांना म्हणाले, नव्या मागवते, जुन्या भंगारात देते. अकरा महिन्यांत "हो", "नको" आणि "दिवा मालव" यापलीकडे न बोललेला माणूस त्यावर म्हणाला, "त्या मी वळल्यात. माझी खूण आहे त्यांच्यावर. फेकायच्या नाहीत."

मी म्हणाले, "बाबा, उद्या वळणावर एखादी मोडली तर? गाडीत तुम्हीच बसणार ना?"

ते म्हणाले, "न बघताच मोडली?"

"बघितलं की. एवढा गंज दिसत नाही का?"

"दिसतो तो गंज. स्प्रिंग आत असते."

आम्हा दोघांच्याही नाकावर राग असतो. मला तो त्यांच्याकडूनच मिळाला. शेवटी मी एक वाक्य बोलले. त्या वाक्याचा चोरीशी संबंध नाही, म्हणून इथे सांगत नाही. वडिलांनी ताट सारले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आज सकाळी सात वाजता मी त्यांच्या खाटेशी चहा ठेवला. ते भिंतीकडे तोंड करूनच होते. तिथून मी सुट्या भागांच्या दुकानात गेले. साडेआठला येऊन शेड उघडली तर भिंतीशी स्प्रिंगा नव्हत्या. बाहेर मातीत हातगाडीच्या चाकांचे वळ होते. शेडचे कुलूप शाबूत होते आणि त्याची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी वर घरात खिळ्याला असते, ही गोष्ट मी सकाळी सांगितली नाही, कारण माझ्या डोक्यातच ती आली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. परवाच भंगारवाल्याने विचारले होते, "ताई, त्या लाल स्प्रिंगा कधी देताय?" मी वर न जाता तडक ठाण्यात आले आणि त्याच्याकडे बोट दाखवले.

तेव्हा हवालदारांनी विचारले होते, "भंगारातच द्यायच्या होत्या, तर चोरी कसली?" मला त्या परत हव्या होत्या. का, ते तेव्हा सांगता आले नाही. घरात आणखी कोण असते असेही विचारले होते. मी लिहून दिले की, "वर वडील असतात, पण ते कुठे जात नाहीत आणि कशाला हात लावत नाहीत."

दहा वाजता भंगारवाल्याला इथे आणून बाकावर बसवले. त्याचे एकच म्हणणे होते : "चोरी नाही केली. ज्याच्या त्याला पोचवल्या. कोणाला ते नाही सांगणार, शब्द दिलाय." मी त्याला नाही नाही ते बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. ते सगळे मी परत घेते. अडीच तास त्या माणसाने तोंड उघडले नाही आणि माझ्याकडे रागाने पाहिलेही नाही, हे नोंदवून घ्यावे.

पाऊण वाजता जेवणाचे ताट घेऊन वर गेले. खाट रिकामी होती. चहा प्यायलेला होता, कप विसळून पालथा घातलेला होता. किल्ली खिळ्याला नव्हती. चपला नव्हत्या. कोपऱ्यातली आईची छत्री नव्हती. ताट मी कुठे ठेवले ते आठवत नाही.

मी धावत ठाण्यात परत आले. माझे तोंड पाहून भंगारवाला उभा राहिला. म्हणाला, "ताई, घाबरू नका. मास्तर बारक्याच्या भट्टीवर आहेत. मीच पोचवलं. स्प्रिंगा हातगाडीवर, मास्तर छत्री टेकत पायी. मी म्हटलं बसा गाडीवर, तर माझ्यावरच खेकसले, मी काय भंगार आहे का म्हणून." हे ऐकून मी बाकावर बसले. हवालदार म्हणाले, "काय हो बाई, चोर सोडून संन्याशाला सुळी?" आणि मला पाणी दिले. मी रडले असे लिहू नये.

बारक्या म्हणजे स्प्रिंगखात्यातला वडिलांचा जुना हाताखालचा माणूस. वय अडुसष्ट, वजन नव्वद किलो. विसाव्या वर्षी पडलेले नाव अजून तेच आहे. त्याची भट्टी आमच्या घरापासून पाऊण मैलावर. मी दीड वाजता पोचले. वडील उलट्या खोक्यावर बसले होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. बारक्या तारेच्या ब्रशने स्प्रिंग घासत होता आणि वडील ओरडत होते, "अरे, कुरवाळतोयस काय तिला? घास!" बारक्याचा चेहरा नुसता फुलला होता.

मला पाहून वडील एवढेच म्हणाले, "आलीस? दुसरा ब्रश घे." मी घेतला.

चारही घासून झाल्यावर शेवटच्या वेढ्यावर पंच ठोकून उमटवलेली दोन टिंबे दिसली, वडिलांची खूण. चारही स्प्रिंगांवर तीच. इतकी वर्षे मला ती म्हाताऱ्याची बढाई वाटत होती. मग स्प्रिंगा रॉकेलच्या डब्यात बुडवल्या, अर्ध्या तासाने काढून कोरड्या पुसल्या आणि वरून खडूची भुकटी चोपडली. लोखंडात तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. ही परीक्षा वडिलांनी मला सोळाव्या वर्षी शिकवली होती. काल मी ती केली नाही.

आम्ही तिघे बघत बसलो. वीसेक मिनिटांनी पुढच्या उजव्या स्प्रिंगेवर केसाएवढी रेघ आली. माझ्या आधी वडिलांना दिसली. मनात म्हटले, आता हे परत भिंतीकडे तोंड करणार. त्यांनी रेघेवरून नख फिरवले आणि म्हणाले, "ही गेली."

बारक्या म्हणाला, "मास्तर, तुमची खूण आहे तिच्यावर."

"माझी असली म्हणून काय झालं? तडा तो तडा. टाक तिकडे."

मागच्या दोन त्यांनी लोखंडी पाट्यावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. उंचीत अर्ध्या सुताचाही फरक नव्हता. नखाला लागेल असा खड्डा कुठे नव्हता. त्या दोन लावायच्या. पुढची डावी धड आहे, पण एका आसाला एक जुनी, एक नवी लावली तर गाडी लंगडते. म्हणून डावी नमुना ठेवून तिच्याबरहुकूम नवी जोडी वळायची. मंगळवारी, बारक्याच्या भट्टीवर. वडील म्हणाले, "मी समोर उभा राहणार. याच्या भरवशावर सोडलं तर गाडी बसेल खाली."

काल मी बोललेले वाक्य आता सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. मी म्हणाले होते, "गंज चढला की लोखंड काय नि माणूस काय, कामातून गेलं."

हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता वडील म्हणाले, "चारातल्या तीन धड निघाल्या. घासल्याशिवाय बोलू नये, हे कोणी शिकवलं होतं तुला?"

"तुम्ही."

"मग?"

"चुकलं, बाबा."

"बरं. उंची लिहून ठेव."

परत येताना ते वाटेत दोनदा थांबून बसले. रिक्षा नको म्हणाले. ठाण्यापाशी आल्यावर म्हणाले, "त्या बिचाऱ्याला बसवून ठेवलंस ना? चल, आधी माफी माग." मी भंगारवाल्याची माफी मागितली आहे. तडा गेलेली स्प्रिंग वडिलांनी त्याला दिली, आणि आता दोघे बाहेरच्या बाकावर चहा पीत तिच्या वजनावरून भांडत आहेत. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार उरलेली नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. रडले असे लिहू नये म्हटले होते, तेही त्यांनी लिहिले आहे. असू द्या, खरेच आहे. सगळे मी सांगितल्याप्रमाणे आहे. मात्र सही करण्याआधी सकाळच्या तक्रारीतले एक वाक्य माझ्यासमोर खोडावे, अशी विनंती आहे. "वर वडील असतात, पण ते कुठे जात नाहीत," हे ते वाक्य.