पेनिसिलिन द्यायचं

अरे, परवा महाडच्या एका दवाखान्यात काय झालं, ते ऐका.

तिथल्या कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी प्रिंटर बघायला गेलो होतो. समोर कुडपणच्या एक आजी बसल्या होत्या, पाय चांगलाच सुजलेला. सिस्टर सुई भरून आल्या, तशा आजींनी हात मागे घेतला. "त्यात पेनिसिलिन हाय काय? मला ते चालत नाय गो. मागं जीव जायचा राहिला."

"आजी, डॉक्टरांनीच लिहून ठेवलंय, हे बघा." सिस्टरांनी स्क्रीन फिरवली. नोंदीच्या शेवटी खरंच होतं, 'पेनिसिलिन द्यायचं'.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. स्क्रीन बघून पांढरेफटक पडले. "अहो, मी 'द्यायचं नाही' असं लिहिलं होतं!"

मी लगेच डेटाबेस उघडला. ज्याने कुणी तो बनवला, त्याने त्या रकान्याला लांब मजकुराचा 'टेक्स्ट' प्रकार न देता ठरावीक लांबीचा 'व्हारचार' दिला होता, तोही शंभर अक्षरांचा. त्यात मराठीचा काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. शंभर भरले की पुढचं गुपचूप कापलं जायचं. आजींचा 'नाही' तिथेच गेला होता.

म्हटलं, "डॉक्टर, रकाना आत्ता मोठा करून देतो."

"आणि आधी कापलं गेलेलं?"

"ते साठवलंच गेलेलं नाही. परत मिळणार नाही."

डॉक्टरांनी सगळ्या पेशंटची यादी उघडली. मग मोबाइल काढून त्यांनी यादीतल्या पहिल्या पेशंटला फोन लावला. "मी डॉक्टर बोलतोय. तुम्हाला कुठलं औषध चालत नाही, ते मला पुन्हा सांगा."